उंदरांसाठी स्थळे पाहताना

"आमच्या घरी उंदीर झालेत," असे म्हटले की ऐकणारा लगेच सापळा नाही तर औषध सुचवतो. गेल्या पावसाळ्यात हेच वाक्य घेऊन मी ओळखीपाळखीच्या घरांतून हिंडत होते. मला मात्र औषध नको होते, उंदरांसाठी घर हवे होते!

हकीगत साधी आहे. धाकट्या भावाच्या वाढदिवसाला आम्ही दोन पांढरे उंदीर विकत आणले. "दोन्ही माद्याच आहेत," असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले. महिना भरायच्या आत अकरा गुलाबी पिल्लांनी त्याला खोटे पाडले. उंदराची मादी साधारण बावीस दिवसांत विते आणि व्याल्यावर दिवसाच्या आत पुन्हा गाभण राहू शकते, हे ज्ञान मला तेव्हा झाले. नर ताबडतोब वेगळा केला. पिल्ले पाच आठवड्यांची झाली की त्यांतलेही नर व माद्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. म्हणजे हाताशी वेळ थोडा आणि तोंडे तेरा!

आजी म्हणाली, "अगं, गणपतीचं वाहन ते. शेतात सोडून दे, पुण्य लागेल." शेजारच्या काकांनी हसत हसत आपल्या मांजरीचे नाव सुचवले. खरे सांगते, काकांचे बोलणे निदान प्रामाणिक होते. सोडून देणे हे त्याहून वेगळे नाही, फक्त मांजर आपल्या डोळ्यांसमोर नसते. हे पांढरे उंदीर प्रयोगशाळेतल्या जातीचे, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातचे खाऊन वाढलेले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा निराळ्या रंगाचे उंदीर राखून वाढवी आणि विकी. १९०१ मध्ये तर इंग्लंडात एल्सबरीच्या प्रदर्शनात असे उंदीर स्पर्धेसाठी मांडले गेले. अशा प्राण्याला बिळ खणणे, शत्रू ओळखणे कुणी शिकवायचे? त्यात अंग पांढरे आणि दृष्टी अधू. उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत जनावर विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे तर पुण्य कमावणाऱ्यांच्या गावीही नसते.

पण दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी माझी चूक सांगायला हवी. पलीकडच्या गल्लीतल्या शाळकरी मुलाने दोन पिल्ले मागितली आणि मी ती एका खोक्यात घालून देऊन टाकली. दोन तोंडे कमी झाली म्हणून मला हायसे वाटले. आठ दिवसांनी सहज डोकावले तर खोका रिकामा. त्याची आई म्हणाली, "वास यायला लागला, म्हणून नाल्यापाशी सोडून आले." मुलगा खाली मान घालून उभा होता. त्या माउलीला मी काय बोलणार? पिल्ले देताना मी तिला विचारलेच नव्हते! त्या रात्री धो धो पाऊस पडला आणि मला झोप आली नाही.

मुलगी द्यायची म्हटली की आपल्याकडे स्थळाची सात पिढ्यांची चौकशी होते. मग जीव देताना चार प्रश्न विचारायला लाज कसली? घरातल्या मोठ्यांची संमती आहे का? मांजर आहे का? पिंजरा आधी आणणार की नंतर? गावाला गेल्यावर दाणापाणी कोण बघणार? एकटा उंदीर झुरतो, म्हणून एकाच लिंगाचे दोन न्याल का? आणि दोन-तीन वर्षांचे त्यांचे आयुष्य शेवटपर्यंत सांभाळाल का? "नर असोत की माद्या, सगळेच द्या," असे म्हणून काहीच न विचारणाऱ्याला मी सरळ नाही म्हटले. त्याला ते पाळायचे नसून दुसऱ्या कुणाला खाऊ घालायचे असतील, अशी मला शंका आली. देताना एक वचन मात्र दिले, "नाही जमले तर टाकू नका, परत आणून द्या."

कुणी म्हणेल, माणसांना घरे नाहीत आणि ही उंदरांची स्थळे बघते! १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगची आठवण असलेल्या मुलखात उंदराची किळस वाटली तर मी दोष देणार नाही. रानचा, गटारातला उंदीर आपण होऊन येतो. त्याचा बंदोबस्त करावाच लागतो. पण हे दोघे आपण होऊन आले नव्हते. आम्ही पैसे मोजून आणले. माझी सारी जबाबदारी या एका फरकातून आली आहे, भूतदयेतून नव्हे.

चार पिल्ले दोन घरी गेली, तीन एका मैत्रिणीकडे. एक मुलगा बापाच्या सोबतीला राहिला, एक मुलगी आईच्या. तो शाळकरी मुलगा आता दर रविवारी पिंजरे साफ करायला येतो आणि हळूच विचारतो, "ताई, ती दोन परत आली का गं?"

मित्रमैत्रिणींनो, चांगले घर शोधता येते, पण वेळ लागतो आणि नकार द्यायची तयारी लागते. ती नसेल, तर दुकानाच्या दारातूनच मागे फिरावे.