मोडेमवरचा लाल दिवा

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. दुपारचा एक वाजून गेला होता. आमच्या बचत गटातली एक ताई लगबगीनं घरी आली. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायची राहिली होती. सेवा केंद्रावर ही भली मोठी रांग. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे मोबाइलवर करायचाही मार्ग नाही. “ताई, तुमच्याकडं कॉम्प्युटर हाय. तेवढं करून द्या बघा,” ती म्हणाली.

त्या ई-केवायसीत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागत होतं, आणि ओटीपी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर जात होता. हिचा नवरा पुण्याला बांधकामावर. जेवणाच्या सुट्टीत, एक ते दोन, तेवढाच वेळ तो फोन घेऊ शकणार. म्हणजे आमच्या हातात जेमतेम पाऊण तास.

मी मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरचं बटण दाबलं. घरघर झाली, स्क्रीनवर गोल फिरणारे ठिपके आले आणि फिरतच राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी चहा ठेवला, आमचा चहा पिऊन झाला, तरी ठिपके फिरतायतच. शेवटी एकदाचा कॉम्प्युटर उघडला, तर इंटरनेट नाही! मोडेमवर एक लाल दिवा लुकलुकत होता. हे कामासाठी परभणीला गेलेले, मुलगा शिकायला नांदेडला. मी त्या लाल दिव्याकडे नुसती बघत बसले.

दोन वाजायला आले तसा तिकडून फोन आला, “झालं का?” “नाही झालं,” एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. मला एका शब्दानं बोलली नाही. “जाऊ द्या ताई, उद्या बघू,” म्हणाली आणि निघून गेली. दिवसाची मजुरी बुडवून आली होती ती.

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. मी बी.ए. झालेली, चार बायकांत उठबस असलेली. रोज सकाळी त्या मोडेमवरची धूळ मीच पुसते, कॉम्प्युटरवर भरतकामाचं कापडही मीच घातलंय. पण त्यावरचा कोणता दिवा काय सांगतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी मुलाला फोन लावला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, “आई, दिवाळीची साफसफाई केलीस का? कपाट सरकवलंस?” केलं होतं! दोनच दिवसांपूर्वी लोखंडी कपाट भिंतीला टेकवलं होतं. मागं जाऊन बघते तर मोडेमची बारीक वायर कपाट आणि भिंतीमध्ये दबून पार दुमडलेली. कपाट वीतभर पुढं ओढलं, वायर अलगद मोकळी केली. दोन-तीन मिनिटांत लाल दिवा गेला आणि हिरवा आला. चूक माझी, आणि तिची किंमत भरली त्या ताईनं.

आता त्या वायरीचं बघा. हल्ली आपल्याकडे येणारी फायबरची वायर म्हणजे तांब्याची तार नाही. तिच्यात काचेचा केसासारखा बारीक धागा असतो आणि त्यातून प्रकाश धावतो. वायर जोरात दुमडली की प्रकाश बाहेर सांडतो किंवा धागाच तुटतो. मग मोडेमवर ‘लॉस’ लिहिलेला लाल दिवा लागतो. प्रकाश पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘पॉन’चा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर लाइन बरोबर आहे असं समजायचं. एक मात्र लक्षात ठेवा. निघालेल्या वायरीच्या टोकात डोळा लावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. पोरांनाही बजावून ठेवा.

पूर्वीचा मोडेम तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत, आणि तेही आधी मोठ्या शहरांत. तेव्हा तो टेलिफोनच्या तारेवरूनच यायचा. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी केलेली, म्हणून मोडेम कॉम्प्युटरच्या भाषेचा आवाज करायचा. ती किर्र-खर्रर ऐकू यायची ना, तीच. नेट चालू असलं की फोन एंगेज! त्याचा वेग जास्तीत जास्त ५६ केबीपीएस. आजच्या मोबाइलमधला तीन एमबीचा एक फोटो यायला तेव्हा सात मिनिटांच्या वर लागली असती. आज वेग कितीतरी पट वाढलाय, पण वेगाच्या वाटेवर एक कपाट आडवं आलं तरी सगळं ठप्प.

तर नेट बंद पडलं की काय करायचं? स्वयंपाकघरात गॅस पेटत नसेल तर आपण काय करतो? आधी सिलिंडर संपलाय का बघतो, मग रेग्युलेटर, मग नळी, मग शेगडी. एकदम शेगडी बदलायला निघत नाही. इथंही तसंच, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं.

आधी मोडेमला वीज येतेय का ते बघा. त्याचा छोटा अडॅप्टर सैल झालेला असतो, किंवा लाइट सारखी जाऊन-येऊन तो बिघडलेला असतो. मग मोडेम बंद करून अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा आणि निवांत तीन मिनिटं द्या. सारखं चालू-बंद करू नका. मग तेच वायफाय घरातल्या एखाद्या मोबाइलवर लावून बघा. मोबाइलवर चाललं तर लाइन आणि मोडेम ठीक आहे, गडबड कॉम्प्युटरमध्ये आहे. मोबाइलवरही नाही आणि लाल दिवा आहे, तर गडबड वायरीत किंवा बाहेरच्या लाइनमध्ये. मग आपण कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. आणि मोडेमच्या मागं टाचणीनं दाबायचं एक बारीक भोक असतं, ते दाबू नका. त्यानं कंपनीनं घातलेली सगळी माहिती पुसली जाते आणि मग माणूस बोलवावाच लागतो.

आता कॉम्प्युटर उशिरा सुरू होण्याचं. आमच्याकडे त्याची चार कारणं निघाली, आणि बहुतेक घरांत हीच निघतात.

पहिलं कारण, न बोलावलेले पाहुणे. आपण एकेक प्रोग्रॅम घालत जातो आणि त्यातले बरेचसे कॉम्प्युटर सुरू होतानाच आपणहून उठून बसतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘स्टार्टअप’मध्ये यांची यादी असते. आमच्याकडे सतरा निघाले! अँटिव्हायरस राहू द्यायचा, ओळखीचे आणि रोज न लागणारे ‘डिसेबल’ करायचे. त्यानं प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. ज्याचं नाव कळत नाही त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि अँटिव्हायरस एकच ठेवा, दोन असले की एकमेकांच्या पायात पाय घालतात.

दुसरं कारण, भरलेली कोठी. लग्नाचे व्हिडिओ, वाढदिवसाचे फोटो, सगळं सी ड्राइव्हवर. डब्यात धान्य गच्च भरलं की हात घालायला जागा राहत नाही, तसं होतं. पाचवा हिस्सा तरी मोकळा असावा. फोटो आधी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढा, उघडून बघा आणि मगच इथले पुसा.

तिसरं कारण म्हणजे जुनी हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते, साधारण मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा, आणि तिच्यावरून वाचणारा काटा इकडून तिकडं पळतो. वय झालं की ती मंदावते. तिच्या जागी एसएसडी बसवली, जिच्यात फिरणारं काहीच नसतं, तर जुना कॉम्प्युटरही चटकन उठतो. आमचा आता मिनिटाच्या आत सुरू होतो. दुकानदार “नवाच घ्या” म्हणाला तर आधी एवढं विचारून बघा. पण कटकट किंवा टकटक आवाज येत असेल तर थांबू नका, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढा.

चौथं कारण धूळ आणि उन्हाळा. आपल्या परभणीकडचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. आतला पंखा धुळीनं भरला की कॉम्प्युटर तापतो आणि स्वतःला वाचवायला हळू चालतो. वायर काढून, बंद करून, मऊ ब्रशनं झाळी साफ करा. आणि माझ्यासारखं भरतकामाचं कापड घालत असाल तर चालू असताना ते काढा हो!

एक गंमत सांगते. आमच्या शेजारच्या काकूंच्या कॉम्प्युटरवर नेट होतं, पण सरकारी वेबसाइट उघडायची नाही, ‘सुरक्षित नाही’ म्हणायची. सगळ्यांनी मोडेमला दोष दिला. बघितलं तर कॉम्प्युटर कितीतरी वर्षं जुनी तारीख दाखवत होता. आत रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. कॉम्प्युटर बंद असतानाही तो घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की तारीख मागं जाते आणि वेबसाइटच्या सुरक्षेचा मेळ बसत नाही. किरकोळ किमतीचा सेल बदलला आणि काम झालं. लोडशेडिंगमुळे किंवा विजेच्या भीतीनं आपण बटण कायम बंद ठेवतो, तिथं हा सेल लवकर संपतो.

आणि हेही लक्षात असू द्या. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानं कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण बँकेची कामं करण्याआधी पुढची आवृत्ती आपल्या मशीनवर चालते का, हे विचारून घ्या.

कुणी म्हणेल, हे सगळं बाईनं कशाला शिकायचं? एक उदाहरण देते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत साखर कारखान्याच्या जोडीनं कॉम्प्युटरची केंद्रं उघडली. उसाचं वजन, पावती, खतं यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. फार चांगलं काम. पण कॉम्प्युटर सांभाळणं, वीज आणि जोडणी यांच्या अडचणी पाठ सोडेनात. पुढे २००७ च्या सुमारास सात गावांत कॉम्प्युटरऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं गेलं, आणि ते चाललंही. यातून मी एवढंच शिकले, की मशीन आणणं हे अर्धं काम, ते चालतं ठेवणं हे उरलेलं अर्धं. आपल्या घरात आणणारे आणि चालवणारे पुरुष किंवा पोरं असतात. ते बाहेरगावी गेले की मशीन असून नसल्यासारखं. आणि आज रेशन, शिष्यवृत्ती, मुलीचं ॲडमिशन, पीकविमा, सगळ्याला वेबसाइट आणि शेवटची तारीख. दिवा लाल आहे म्हणून ती तारीख थांबत नाही. मुदत ठरवणाऱ्या साहेब लोकांनीही गावातल्या विजेचा, नेटचा आणि रांगेचा विचार करायला हवा. पण ते करतील तोवर आपण बसून राहायचं का?

शिकताना सावध मात्र राहा. तक्रारीचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथं भामटे नंबर टाकून बसलेले असतात. तो बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपवरून घ्या. “मी इथूनच दुरुस्त करतो, हे ॲप टाका, ओटीपी सांगा,” असं अनोळखी माणूस फोनवर म्हणाला की फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर कळवा. आणि कॉम्प्युटर दुरुस्तीला देण्याआधी घरातल्या लेकीबाळींचे फोटो काढून घ्या.

मी आता मोडेमजवळ एक वही टांगलीय, दुधाच्या हिशेबाची असते ना, तशीच. त्यात ग्राहक क्रमांक, तक्रारीचा नंबर, कोणता दिवा काय सांगतो आणि कोणत्या तारखेला काय बिघडलं, कशानं नीट झालं, एवढं लिहिलेलं असतं. पासवर्ड मात्र वेगळ्या जागी, कपाटात.

ती ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा एक वाजता आली. या वेळी मी साडेबारालाच कॉम्प्युटर सुरू करून ठेवला होता. नवऱ्यानं पुण्याहून ओटीपी सांगितला, तिनं स्वतः एकेक आकडा दाबला. पंधरा मिनिटांत काम झालं. जाताना ती मोडेमपाशी थांबली आणि म्हणाली, “ताई, हिरवा म्हंजी बरोबर, व्हय ना?”

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही सगळ्याजणी त्या मोडेमभोवती बसलो. तुम्हीही आज स्वयंपाक आवरला की आपल्या मोडेमवरचे दिवे एकदा नीट बघून ठेवा.