एकतिसांस एकतीस

शत्रूने चोरवाटेने मारेकरी धाडले तर सरकारने काय करावे? ‘जशास तसे’ हे उत्तर ओठांवर येणे स्वाभाविक आहे. परंतु ते उच्चारण्यापूर्वी कोरियाचा इतिहास एकवार डोळ्यांखालून घालावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

एकच भाषा बोलणाऱ्या कोरियाचे 1945 साली दोन तुकडे झाले. 1968 च्या जानेवारीत उत्तरेचे 31 निवडक सैनिक, अध्यक्ष पार्क चुंग-ही यांस ठार करण्याच्या आज्ञेने, दक्षिणेत उतरले. रानात त्यांस चार लाकूडतोडे भाऊ भेटले. मारावे की सोडावे, याचा खल होऊन धमकी देऊन त्यांस सोडण्यात आले. भाऊ डोंगर उतरले ते थेट पोलिसांकडे गेले. तरीही 21 तारखेच्या रात्री टोळी अध्यक्षांच्या निवासस्थानानजीक पोहोचली. तेथे त्यांस हटकणाऱ्या चोई ग्यू-सिक या पोलीस अधिकाऱ्याने प्राण दिले, पण वाट दिली नाही. मग गोठलेल्या डोंगरांत कित्येक दिवस पाठलाग चालला. एक जिवंत सापडला, एक उत्तरेस निसटला, बाकीचे मारले गेले. दक्षिणेचेही वीसांहून अधिक सैनिक, पोलीस व नागरिक बळी पडले.

येथवर न्याय निःसंशय दक्षिणेच्या बाजूस होता. परंतु एप्रिलात तिच्या सरकारने किम इल-सुंग यांच्या वधासाठी सिल्मीदो बेटावर गुप्तपणे 31 तरुण जमविले. संख्यादेखील शत्रूचीच! शिक्षणाच्या काळातच सात जण दगावले. पुढे राजकारणाचे वारे फिरले, मोहीम बारगळली. पोरे मात्र बेटावरच अडकून पडली. अखेर 23 ऑगस्ट 1971 रोजी त्यांनी पहारेकऱ्यांची कत्तल केली, बस पळवून सोलची वाट धरली आणि वाटेतच बहुतेक संपले. वाचलेल्या चौघांस 1972 च्या मार्चमध्ये देहान्त शासन झाले. त्याच वर्षी 4 जुलैस दोन्ही सरकारांनी शांततामय एकीकरणाचे संयुक्त निवेदन काढले!

आमचे मत स्पष्ट आहे. घुसखोरास हुडकावे, पकडावे, प्रसंगी मारावे. तो राज्याचा धर्मच होय. दक्षिणेस सावध केले ते लाकूडतोड्यांच्या इमानाने आणि राखले ते एका अधिकाऱ्याच्या कर्तव्यनिष्ठेने. सूडाने तिच्या पदरात आपल्याच मुलांची प्रेते टाकली. सीमेवरचा गरीब माणूस धमकीला न जुमानता पोलीस ठाणे गाठतो, तो राज्य आपले आहे या विश्वासावर. तो विश्वास ज्या राज्याने गमावला, त्याच्या सीमा कोणत्या पहाऱ्याने राखल्या जाणार?