मोटर जळाली की व्होल्टेजवर ढकलू नका, आधी पेटी उघडा

आज पिकावर नाही, स्टार्टरच्या पेटीवर लिहितोय. थोडं तिखट लागेल, पण नंदुरबारच्या माणसाला तिखटाचं काय.

प्रकाशा-सारंगखेड्याच्या तापीकाठापासून वर तळोदा-अक्कलकुव्यापर्यंत कोणाचीही मोटर जळाली की उत्तर एकच, "व्होल्टेज कमी होतं भाऊ." विकणारा तेच म्हणतो, बसवणारा तेच म्हणतो, रिवाइंडिंगवालाही मान डोलावतो. व्होल्टेजचा त्रास खरा आहे, त्यात वाद नाही. पण "पाणी संपलं की मोटर आपोआप बंद होईल" या शब्दावर आपण ज्या पेटीचे पैसे मोजले, ती पेटी त्या वेळी काय करत होती? हे कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे: करंट मोजणारा सेन्सर पेटीत कसाही कोंबलेला असतो, म्हणून तो खोटं वाचतो. आणि खोटं वाचणारी राखण ही राखण नसल्यापेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर आपण झोपतो.

पेटीला बोअरमधलं पाणी दिसत नाही. तिला कळतो फक्त करंट, तोही वायरीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून. करंट वाहिला की शेजारचं होकायंत्र हलतं, हे ओर्स्टेडने १८२० साली दाखवून दिलं. ज्याच्या नावाने हे हॉल सेन्सर ओळखले जातात, त्या हॉलचा शोध १८७९ चा. म्हणजे "नवीन टेक्नॉलॉजी आहे, थोडं इकडंतिकडं होणारच" ही सबब चालायची नाही.

हिशोब बघा. १० अँपिअरच्या वायरीपासून १ सेंटीमीटरवर क्षेत्र २ गॉस असतं, २ सेंटीमीटरवर १ गॉस. आता उघडा हॉल सेन्सर एका फेजपासून १ सेंटीमीटरवर आहे आणि दुसरी फेज त्याच्यापासून २ सेंटीमीटरवर गेलीय. म्हणजे शेजारणीचा अर्धा आवाज ह्याच्या कानात. फेजच्या लाटा पुढेमागे असतात म्हणून सरळ बेरीज होत नाही. तरी त्या एका शेजारणीमुळे आकडा, वायरी कशा मांडल्यात त्याप्रमाणे, १३ टक्के कमी किंवा ३० टक्क्यांवर जास्त दिसू शकतो. ५ एचपीची मोटर घेते साधारण ८ अँपिअर. कोरडी फिरली की आकडा खाली येतो, शून्य होत नाही. पेटीने पकडायचा तो हा मधला फरक, आणि तोच गोंधळात बुडतो.

यावर विकणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "पेटी स्वतः शिकते, पहिल्या दिवशी सेट केली की झालं." शिकते, मान्य. वायरी होत्या तिथेच राहिल्या तर. पुढच्या महिन्यात फ्यूज बदलताना कोणी वायरी दाबून दार लावलं, की शिकलेलं वाया. आणि त्याच पेटीतून दुसऱ्या मोटरची लाईन गेली असेल तर मग विचारूच नका. एक मोटर बंद असताना दुसरीचा करंट तिच्या नावावर जमा! मोबाइलवर "मोटर चालू" दिसतं, पपईच्या वाफ्यात थेंब नाही. मग रात्रीच्या लाईटीत बॅटरी घेऊन उसाच्या कडेने जायचं, जिथे बिबट्याची भीती आहे. हा सेन्सरचा प्रश्न आहे बरं का, नुसता यंत्राचा हट्ट नाही.

गोल रिंगची सीटी यात पुष्कळ बरी. रिंगमधून जाणारा करंटच ती मोजते, बाहेरच्या वायरीला फारशी भीक घालत नाही. पण उघडझाप होणाऱ्या रिंगचा जबडा नीट मिटला नाही, मध्ये धूळ बसली, की तीही बिघडते. काही जण तर तिन्ही फेज एकाच रिंगमधून ओढतात. तिन्हींची बेरीज जवळपास शून्य होते, मग पेटी म्हणणार मोटर बंदच आहे. ती मांडणी गळती पकडायची, भार मोजायची नाही.

सोलरवाल्यांनी वेगळं लक्ष द्या. पॅनेलकडून येणारा करंट डीसी असतो, तिथे साधी सीटी काहीच वाचत नाही, हॉल सेन्सरच लागतो. एसीत पृथ्वीचं चुंबकत्व गाळून टाकता येतं, डीसीत ते आकड्यात मिसळतं. ते अर्ध्या गॉसच्या आतबाहेर, पण उघड्या सेन्सरला १ सेंटीमीटरवर दोन अँपिअर वाटावेत इतकं. म्हणून पेटी जागेवर घट्ट बसल्यावर, करंट बंद असताना शून्य लावायला हवं. दुकानात लावलेलं शून्य शेतात कामाचं नाही.

"हे सगळं करायला खर्च येतो" असंही ऐकवतात. कसला खर्च? सेन्सरची फेज इतर दोन फेजपासून आणि कॉन्टॅक्टरपासून चार बोटं लांब न्यायला पैसे पडत नाहीत. सेन्सरच्या बारीक वायरी एकमेकींना पीळ देऊन, मोटरच्या केबलपासून वेगळ्या न्यायच्या. वायरी टायने जागेवर बांधायच्या, म्हणजे हलणार नाहीत. एवढं कारखान्यात आणि बसवतानाच व्हायला हवं. आपण त्याचेच पैसे देतो.

बसवणारा आला की पैसे हातात ठेवण्याआधी त्याला टाँगटेस्टर काढायला लावा. जबड्यात एकच वायर, जबडा पूर्ण मिटलेला. तो आकडा आणि पेटीचा आकडा जुळतो का बघा. मग मेन स्विच बंद करून त्यालाच वायरी थोड्या हलवू द्या, परत चालू करून बघा. आकडा बदलला तर पेटी परत. दोन मोटरा असतील तर एक बंद ठेवून तिचा आकडा शून्य येतो का तेही तपासा. आणि "रिले सारखी पडते, बायपास करून देतो" म्हणाला तर सरळ नाही म्हणा. रिले का पडते ते आधी सांग म्हणावं.

मेन बंद करून आपापल्या पेटीचा आतला फोटो कमेंटमध्ये टाका. सेन्सर कुठे आहे आणि शेजारून काय गेलंय, एकेक बघू.