लहान यंत्र, भरदार स्वर

गिटार शिकणाऱ्या मुलाचा हट्ट ठरलेला असतो: ध्वनिमुद्रणासाठीं नवा, मोठा अँप्लिफायर हवा. पालकही पदरमोड करून तो आणतात. आम्हांस हें पटत नाहीं. 'मूर्ति लहान, पण कीर्ति महान' ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

१९७० सालीं अमेरिकेंतील मायामी शहरीं एरिक क्लॅप्टन व ड्युएन ऑलमन यांनीं 'लैला' या गीताच्या संग्रहासाठीं फेंडर कंपनीचे 'चॅम्प' हे नवशिक्यांचे चिमुकले अँप्लिफायर वापरले. त्यांची शक्ति जेमतेम ५-६ वॅट! कारण उघड आहे. व्हॉल्व्हचें यंत्र पूर्ण जोरावर चालविलें म्हणजेच त्याच्या स्वरास तो भरदार खरखरीतपणा येतो. मोठें यंत्र तसें चालविल्यास शेजार दणाणतो. लहान यंत्राचें काम खोलींत भागतें, आणि जवळ ठेविलेल्या मायक्रोफोनास त्याचा लहानपणा कळत नाहीं.

तेव्हां बुलढाणा, खामगांव वा मलकापूर येथें कोणाच्या माळ्यावर असें जुनें यंत्र पडलें असेल, तर मोडींत घालण्यापूर्वीं त्याचा स्वर ऐकावा. मात्र व्हॉल्व्हच्या यंत्रांत वीज बंद केल्यावरही प्राणघातक विद्युत्संचय राहूं शकतो. म्हणून लावण्याआधीं जाणत्या कारागिराकडून तें तपासून घ्यावें. मुलांनीं कदापि उघडूं नये. वांचलेला पैसा शिकवणीस लावावा. सरावाची उणीव कोणतेंही यंत्र भरून काढीत नाहीं.