श्वास चालकाचा तपासता, हिशोब मालकाचा कोण तपासणार?

थायलंडचा सोंगक्रान आपल्याला माहीत असतो तो फोटोंमधून. रस्त्यात एकमेकांवर पाणी उडवणारी माणसं, हातात पिचकाऱ्या घेतलेले परदेशी पर्यटक. १३ ते १५ एप्रिल हा तिथला नववर्षाचा सण. पण बँकॉक, समुत प्राकान, चोनबुरी इथल्या कारखान्यांत, हॉटेलांत आणि लोकांच्या घरी राबणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल की सोंगक्रान म्हणजे रजा. वर्षातून एकदा सलग मिळणारी रजा. यांतल्या कितीतरी जणी ईशान्येकडच्या इसान भागातल्या. मुलं गावी आजीजवळ ठेवून आलेल्या. सणाला घरी पोचायचं, आईच्या हातांवर सुगंधी पाणी ओतून आशीर्वाद घ्यायचा, मुलाला पोटाशी धरायचं आणि तीन-चार दिवसांत पुन्हा मशीनवर हजर व्हायचं. सगळ्या कारखान्यांना एकाच वेळी सुट्टी, म्हणून सगळ्या बाया एकाच रात्री रस्त्यावर. सणातली ही झुंबड आभाळातून पडत नाही. कामगाराला वर्षभरात दुसरी रजा मागायची सोय नाही, त्यातून ती तयार होते.

सणाच्या या आठवड्याला तिथलं सरकारच 'सात धोक्याचे दिवस' म्हणतं. नाक्यानाक्यावर पोलीस उभे राहतात, रोज सकाळी काल किती मेले याचा आकडा जाहीर होतो. २०२३ साली सात दिवसांत २६४ माणसं गेली, २०२४ साली २८७, २०२५ साली २५३. आकडा खाली आला की मंत्री मोहीम यशस्वी झाली म्हणतात, वर गेला की लोकांच्या बेशिस्तीवर बोट ठेवतात.

मैत्रिणींनो, जरा भागाकार करून पाहू. २५३ भागिले सात म्हणजे दिवसाला ३६. आता जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज घ्या. २०२१ साली थायलंडच्या रस्त्यांवर वर्षभरात सुमारे १८ हजार माणसं मेली. म्हणजे दिवसाला जवळजवळ ५०! दोन्हींची मोजण्याची रीत वेगळी आहे, सणाच्या आठवड्यातली मोजणी तात्काळ आणि तात्पुरती असते, हे मला मान्य आहे. तरीही हे आकडे शेजारीशेजारी ठेवले की एक गोष्ट लपत नाही. ज्या दिवसांना कोणी धोक्याचे म्हणत नाही, ते दिवससुद्धा तेवढेच मारतात. फक्त तेव्हा तंबू ठोकलेला नसतो आणि वार्ताहर आलेला नसतो.

मरणाऱ्यांत मोटारसायकलवरचे सर्वांत जास्त आणि त्यांत पुरुष फार. दारू पिऊन सुसाट गाडी हाणणं ही मर्दानगीची खूण मानली जाते, ती तिथेही आणि इथेही. त्याबद्दल आपल्या अंकांतून पुष्कळ लिहून झालं आहे. मला आज लिहायचं आहे ते बसबद्दल. बसमधले मृत्यू एकूण आकड्यात थोडे दिसतात. पण ज्या बाईकडे स्वतःची गाडी नाही तिला बसशिवाय पर्याय नाही. तिकीट काढून ती आपला जीव दुसऱ्याच्या हवाली करते, म्हणून तिथे जबाबदारीही दुसऱ्याची असायला हवी.

काही वर्षांपूर्वी कामगार बायांच्या एका बैठकीसाठी मी बँकॉकला होते. सण तोंडावर आला होता आणि तिथली एक शिवणकामगार मैत्रीण मला तिच्या गावी घेऊन निघाली होती. तिकडे आपल्याहून मोठ्या बाईला 'पी' म्हणतात, म्हणजे ताईच. ती मला पी म्हणायची. बसस्थानकावर तपासणी जोरात चालू होती. चालक एकेक करून पुढे येत, यंत्रात फुंकर मारत, अधिकारी विजेरीने टायर बघत. आमची गाडी होती जादा गाडी. एका खासगी मालकाची, एरवी सहलींना भाड्याने जाणारी. तिच्या चालकानेही फुंकर मारली, दारू नव्हती, गाडी सुटली. आत बसल्यावर पाहिलं तर खिडकीजवळ काच फोडायची हातोडी ठेवायची खोबण रिकामी, आणि मागच्या दारापाशी सामानाची थप्पी. चालक किती तासांपासून गाडीवर आहे हे कोणी विचारलं नव्हतं. मी मैत्रिणीला म्हटलं, तू विचार ना. ती म्हणाली, "पी, मी विचारलं आणि त्याने मला खाली उतरवलं तर? दुसरी गाडी उद्या संध्याकाळी."

तिथे कायदा नाही असं नाही. १९७९ च्या तिथल्या भूवाहतूक कायद्याप्रमाणे चालकाने सलग चार तासांवर गाडी चालवायची नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती घ्यायची. उंच बस तीस अंशांत कलती करून ती उलटते का हे तपासायचा नियम आहे. चोनबुरीत २ जानेवारी २०१७ रोजी, नववर्षाच्या सुट्टीवरून परतणाऱ्यांची एक प्रवासी व्हॅन पिकअप गाडीवर आदळली आणि दोन्ही गाड्या पेटून २५ जण गेले. व्हॅनच्या चालकाने पुरेशी झोप न घेता खेपांवर खेपा केल्याचं तेव्हा पुढे आलं. त्यानंतर व्हॅनच्या जागा कमी केल्या गेल्या, उपग्रहाद्वारे वेग टिपणारी यंत्रं बसवण्याची सक्ती झाली. यंत्र वेग टिपतं. खेपेमागे पैसे घेणारा माणूस चौथी खेप का नाकारू शकत नाही, हे यंत्रात उमटत नाही.

आणि तपासणी म्हणजे काय, हे १ ऑक्टोबर २०२४ रोजी सगळ्या जगाने पाहिलं. तो सणाचा दिवस नव्हता. उथाई थानी प्रांतातल्या एका शाळेची मुलं सहलीला निघाली होती. बँकॉकजवळ बस पेटली. २० मुलं आणि ३ शिक्षक जळून गेले. आग पुढून लागली म्हणून मुलं मागे धावली. बहुतेकांचे देह बसच्या मधल्या आणि मागच्या भागात सापडले. मागाहून कळलं की त्या बसची पहिली नोंदणी १९७० सालची. जुन्या सांगाड्यावर नवी बॉडी चढवून ती पळवली जात होती. सहा गॅस टाक्यांची परवानगी होती आणि प्रत्यक्षात अकरा होत्या. पाच टाक्या म्हणजे काही टाचणी नव्हे की तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटावी! सरकारने मग देशभरच्या गॅसवर चालणाऱ्या बसगाड्या फेरतपासणीला बोलावल्या. पुढे पाचच महिन्यांत, २६ फेब्रुवारी २०२५ ला, प्राचिनबुरीच्या उतारावर अभ्याससहलीची दुमजली बस उलटून १८ जण गेले. ब्रेक लागले नाहीत असं पोलिसांनी सांगितलं.

त्या मुलांची बातमी वाचताना मला केडर आठवलं. तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांनाही आठवलं असेल. १० मे १९९३. बँकॉकच्या पश्चिमेला, नाखोन पथोम प्रांतातला केडरचा खेळण्यांचा कारखाना पेटला आणि १८८ कामगार मेले. बहुतेक सगळ्या तरुण बाया, कितीतरी जणी खेड्यांतून आलेल्या. दारं बंद होती. चोरी होऊ नये म्हणून. पुढे १० मे हा दिवस तिथे कामगार सुरक्षा दिन ठरला. पण सुरक्षेचा हा विचार कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. कारखान्यातून घरी जाणारी वाट त्यात धरलेली नाही. बाई तीच, गावही तेच, आणि निघायच्या दाराची अवस्थाही तीच.

मग सांगितलं काय जातं? पट्टा बांधा. रात्रीचा प्रवास टाळा. चांगली गाडी निवडा. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी सरकारने सगळ्या जागांवर पट्ट्याची सक्ती केली आणि पिकअपच्या मागे बसून जायला बंदी घातली. ऐन सोंगक्रानच्या तोंडावर! गोरगरीब कुटुंबं त्या पिकअपच्या हौद्यात बसूनच गावी जातात. एवढी ओरड झाली की सण होईपर्यंत सरकारला ती अंमलबजावणी थांबवावी लागली. हौद्यात बसणं धोक्याचं आहेच. पण बंदी घालणाऱ्यांनी आधी त्यांच्यासाठी किती सुरक्षित गाड्या सोडल्या?

दुसऱ्याच वर्षी, २०१८ च्या सोंगक्रानला, अधिकाऱ्यांनी बायकांना सल्ला दिला की छेडछाड टाळायची असेल तर अंगभर कपडे घाला. सिंडी सिरिन्या बिशप या अभिनेत्रीने त्याविरुद्ध मोहीम उभारली, 'मी काय घालायचं ते मला सांगू नका'. मला हे दोन्ही सल्ले एकाच तोंडातून आलेले वाटतात. ज्याला मार बसतो त्यालाच शहाणपण शिकवायचं. छेडणाऱ्याला वगळून बाईच्या कपड्यांकडे बघायचं, मालकाची खातेवही बंद ठेवून प्रवाशाच्या पट्ट्याकडे बघायचं. फार तर चालकाला पकडायचं. ५ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बँकॉकहून दक्षिणेला निघालेली बस प्राचुआप खिरी खानमध्ये झाडावर आदळून १४ जण मेले, तेव्हाही पहिली चर्चा झाली ती चालकाला डुलकी लागली का याची. लागली असेल. पण डुलकी येईल अशी पाळी कोणी लावली?

हे प्रश्न तिथे विचारले जात नाहीत असं मात्र समजू नका. ग्राहक चळवळीतल्या सारी ओंगसोमवांग आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं बसच्या प्रवाशांसाठी झगडत आहेत, अपघातग्रस्तांना कोर्टापर्यंत नेत आहेत. २००८ चा ग्राहक खटल्यांचा कायदा त्यांच्या हाती आहे. त्यात पुराव्याचं ओझं बरंचसं धंदा करणाऱ्यावर टाकलं आहे आणि न्यायालय नुकसानभरपाईवर दंडही लावू शकतं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. घरातला कमावता गेला किंवा अंथरुणाला खिळला की सेवा आणि कर्ज दोन्ही बाईच्या वाट्याला येतात, आणि कंपनीचा माणूस दवाखान्यातच तडजोडीचा कागद पुढे करतो. त्या क्षणी शेजारी उभी राहणारी संघटना पाहिजे.

पण खटला अपघातानंतरचा. आधीचं काय? माझं म्हणणं एवढंच की तपासणी प्रवाशांच्या मालकीची झाली पाहिजे. गाडी शेवटची कधी तपासली, कोणी, काय नापास झालं, सांगाडा किती सालचा, हे तिकीट काढण्याआधी वाचता आलं पाहिजे. चालकाच्या तासांचा फलक दारावर लावला पाहिजे. आणि ज्यांनी सही केली त्या अधिकाऱ्यालाही मालकाबरोबर कोर्टात उभं केलं पाहिजे. तपासणीच्या वेळी कामगार संघटनेची, गावच्या महिला गटाची एक बाई हजर राहिली तर कोणाचं काय बिघडेल? ज्यांचं बिघडेल त्यांनाच तर पकडायचं आहे.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले. तेव्हाही आठ-पंधरा दिवस ट्रॅव्हल्सच्या गाड्या अडवून तपासल्या गेल्या. दिवाळीत याच गाड्या दुप्पट भाड्याने आपल्या मुली-सुनांना पुण्या-मुंबईहून गावी आणतात. एस.टी.च्या गाडीत मागे लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. येत्या तीन महिन्यांत आपापल्या तालुक्यातल्या गटांनी दहा-दहा गाड्यांत, एस.टी. आणि ट्रॅव्हल्स दोन्हींत, चढून तो मार्ग उघडतो का ते पाहावं, हातोडी जागेवर आहे का ते पाहावं, चालकाला तो कधीपासून गाडीवर आहे ते विचारावं आणि गाडीच्या नंबरासह लिहून पाठवावं. पुढच्या अंकात ते सगळं छापू, आणि तोच अंक घेऊन आर.टी.ओ.च्या दारात जाऊ.