जोडणी बदलण्याचे स्वातंत्र्य

सेवा पटली नाही तर ग्राहकाने दुसरी कंपनी धरावी, स्पर्धा आहे ती त्याचसाठी, असे खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते सांगत असतात. मुंबई-पुण्यातील एखाद्या कुटुंबाने घरातील ब्रॉडबँडची जोडणी खरोखरच बदलावयाचे ठरविले, म्हणजे या सांगण्यातील तथ्य कळून येते.

मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून झाली. ती कंपन्यांनी आपखुशीने दिलेली नव्हे. नियमाने लादलेली आहे. घरगुती ब्रॉडबँडला तशी सोय नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून ग्राहकाने फक्त नव्या कंपनीला कळवावयाचे, जुनी जोडणी बंद करण्याचे दोन्ही कंपन्यांनी आपसांत पाहावयाचे, अशी पद्धत सुरू झाली. सरकारी टेलिफोन कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग १९८४ साली विकून टाकणाऱ्या देशालाही स्पर्धेला लगाम लागतो हे उमगले! येथे मात्र अर्ज करा, राउटर परत करा, अनामतीसाठी खेटे घाला. त्यातच सवलतीचा दर बहुधा सहा महिन्यांचे वा वर्षाचे पैसे आगाऊ भरणाऱ्याला मिळतो. महिन्याच्या पगारावर जगणारा जास्त पैसे देतो, आणि आगाऊ भरणारा अडकून पडतो.

पण खरी अडवणूक इमारतीच्या दारातच होते. बिल्डर किंवा सोसायटीची कार्यकारिणी एकाच कंपनीला तार आत आणू देते. मग शहरात दहा कंपन्या असल्या तरी चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूला त्यांचा उपयोग काय? ‘ट्राय’ने २०२४ साली इमारतींच्या डिजिटल जोडणीला मानांकन देण्याचे नियम केले, परंतु मानांकन घ्यावयाचे की नाही हे मालकाच्या मर्जीवर ठेवले.

सार्वजनिक क्षेत्रातील बीएसएनएल सोडून खासगी जोडणी घेणाऱ्यांकडे काही कार्यकर्ते रोषाने पाहतात. तो रोष चुकीच्या जागी आहे. २०२०च्या जानेवारीअखेर स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली या कंपनीचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकदम बाहेर पडले. तार जोडणारा हातच उरला नाही, तर तक्रार आठ-आठ दिवस पडून राहणारच. त्याच वर्षी मुलांच्या शाळा पडद्यावर भरू लागल्या. अशा वेळी घर बदलून गेलेल्या ग्राहकाला निष्ठेचे डोस पाजण्यात अर्थ नाही. जाब विचारावयाचा तो माणसे कमी करून नंतर सेवेच्या नावाने बोटे मोडणाऱ्या सरकारला.

केरळ सरकारने जून २०२३ मध्ये ‘के-फोन’ हे स्वतःचे जाळे सुरू केले. वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचे उद्दिष्ट. पहिल्या टप्प्यात फक्त चौदा हजार. गती मंद आहे हे झाकण्याचे कारण नाही. तरी जमिनीतली नळी लोकांच्या मालकीची आणि तिच्यातून सेवा कोणीही द्यावी, हे तत्त्व त्यामुळे चर्चेत आले.

महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. इंटरनेट कंपनीशी झालेल्या कराराची प्रत सभासदांपुढे ठेवा, दुसऱ्या कंपनीला मज्जाव करणारे कलम त्यात आहे काय ते वाचून दाखवा आणि कंपनीकडून संस्थेला काय मिळाले तेही सांगा, अशी मागणी तेथे करता येते. ती करणारे सभासद प्रत्येक संस्थेत दोन-चार तरी हवेत.