मॅकवर विंडोजचा प्रोग्राम : आधी यंत्र ओळखा

मुलांचा अभ्यास, नोकरीचे अर्ज, हिशेब हे सारे आता संगणकावरच चालते. पण यंत्र घरात आले तरी त्याची माहिती सोबत येत नाही, आणि नेमका तेथेच सामान्य माणसाचा पैसा जातो.

आमच्या अभ्यासवर्गातील बी.कॉम.च्या एका विद्यार्थिनीला तिच्या मामांनी आपला वापरलेला ॲपलचा मॅक दिला. क्लासमधून हिशेबाच्या सॉफ्टवेअरची 'आयएसओ' फाइल मिळाली. ती उघडली, आत 'सेटअप डॉट ईएक्सई' दिसले. पुढे मात्र काहीच होईना. दुकानदार म्हणाला, "हा विका, दुसरा घ्या." वडिलांनी पतपेढीत कर्जाची चौकशीही सुरू केली! असे प्रसंग घरोघरी येतात, म्हणून हा विषय घेतला आहे.

आयएसओ म्हणजे सीडी किंवा डीव्हीडीवरील सर्व मजकुराची एका फाइलमध्ये केलेली हुबेहूब नक्कल. मॅक ती उघडतो आणि आत काय आहे ते दाखवतो. पण आतला प्रोग्राम विंडोजसाठी लिहिलेला असतो. दप्तर सोडले म्हणून आतला मोडी कागद वाचता येतोच असे नाही, तसेच हे. फाइल खराब नसते आणि मॅकही खराब नसतो. कमी असतो तो विंडोज.

म्हणून प्रथम सॉफ्टवेअर कंपनीकडे चौकशी करावी, की मॅकसाठी वेगळी आवृत्ती आहे का, किंवा ब्राउझरमधून काम होते का? होत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातील सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' पाहावे. तेथे 'इंटेल' लिहिले आहे की 'ॲपल एम १', 'एम २' असे काही, यावर पुढचा रस्ता ठरतो.

इंटेलच्या मॅकसाठी ॲपलने २००६ साली 'बूट कॅम्प' आणले. त्याने डिस्कचा एक भाग विंडोजला देता येतो. त्यासाठी किमान ६४ जीबी जागा मोकळी लागते. मात्र त्यावर अधिकृतपणे विंडोज १० पर्यंतच चालते, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, हे लक्षात घ्यावे.

नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या ॲपल चिपच्या मॅकवर बूट कॅम्प चालत नाही. तेथे 'व्हर्च्युअल मशीन' लागते, म्हणजे मॅकच्याच एका खिडकीत चालणारा दुसरा संगणक. पॅरलल्सला पैसे पडतात. व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना मोफत आहे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घेतलेले विंडोज ११ चे 'आर्म' रूप बसवावे. मग सॉफ्टवेअरची आयएसओ व्हर्च्युअल मशीनच्या सीडी ड्राइव्हला जोडावी आणि विंडोजमध्ये जाऊन सेटअप चालवावे. त्या मुलीचा मॅक एम १ चा निघाला. याच मार्गाने तिचा सराव सुरू झाला आणि कर्जाचा विषय बंद झाला.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. साधे प्रोग्राम आर्म विंडोजवर बहुधा चालतात. पण ज्यांना यूएसबी डोंगल किंवा जुना प्रिंटर लागतो, ते आर्मचा ड्रायव्हर नसल्यास अडतात. मॅकची मेमरी दोघांत वाटली जाते, म्हणून ८ जीबीत काम संथ होते. सुरुवात करण्यापूर्वी घरचे फोटो व कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावीत.

आणखी एक. विंडोजची फाइल फुकट मिळते, परवाना नव्हे. सॉफ्टवेअरचा परवानाही वेगळा. 'क्रॅक' केलेली आयएसओ कोणी पेन ड्राइव्हवर देऊ केली तर घेऊ नये. तिच्यात काय दडले आहे ते दिसत नाही, आणि त्याच संगणकात आपल्या मंडळाची वर्गणीची वही, लोकांचे फोन नंबर, बँकेचे तपशील असतात. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती सांभाळणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम.

वाचकहो, दुकानात जाल तेव्हा चिप कोणती, मेमरी किती आणि सॉफ्टवेअरला डोंगल लागते का, ही तीन उत्तरे कागदावर लिहून न्या. ज्याच्या हाती माहिती असते, त्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही.